साखरपुडा मोडला किंवा संसार. अंगठी कोणाची आणि ती मिळवायला खर्च किती?

साखरपुड्याची अंगठी कोणाकडे राहणार, हा प्रश्न घरात निघतो तेव्हा ते घर आधीच दुखावलेलं असतं. अशा वेळी लांबलचक कायदा ऐकायची कोणाची तयारी नसते. म्हणून उत्तर आधी सांगते. लग्न लागलंच नसेल, तर ज्याने जे घातलं ते त्याला परत करायचं. लग्न लागलं असेल, तर बायकोच्या बोटातली अंगठी बायकोची. संसार मोडला तरी ती तिचीच राहते, मग चूक कोणाचीही असो. पुढचं सगळं या दोन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे, आणि त्यासोबतचा खर्चाचा हिशेब.

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पळस्पे फाट्यानंतर शिरढोण येतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. या पट्ट्यात साखरपुडा म्हणजे अर्धं लग्नच असतं. मांडव पडतो, जेवणावळ होते, दोन्हीकडचे भाऊबंद जमतात आणि सगळ्यांसमोर सोनं घातलं जातं. पुढे काही बिनसलं तर सराफ पनवेलला, न्यायालय पनवेलला आणि जिल्ह्याची कचेरी अलिबागला. प्रत्येक खेपेला गाडीभाडं जातं आणि एका दिवसाचा रोजही बुडतो. हा खर्च वकिलाच्या बिलात दिसत नाही, पण चार ग्रॅमच्या अंगठीच्या भांडणात अंगठीची किंमत सगळ्यात आधी तोच खाऊन टाकतो.

आधी अंगठीची खरी किंमत काढा

भांडणाला बसण्याआधी दोन्ही घरांनी कागद-पेन घ्यावं. हिशेब सोपा व्हावा म्हणून २२ कॅरटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला.

चार ग्रॅमच्या अंगठीत सोनं ४०,००० रुपयांचं. घडणावळ १२ टक्के धरली तर ४,८०० रुपये. दोन्ही मिळून ४४,८०० रुपयांवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे १,३४४ रुपये. हॉलमार्कचे ४५ रुपये आणि त्यावरचा कर धरून ५३ रुपये. एकूण बिल ४६,१९७ रुपये. तीच अंगठी दुसऱ्या दिवशी मोडीत घातली आणि सराफाने २ टक्के घट धरली, तर हातात ३९,२०० रुपये येतात. म्हणजे भाव जागचा हलला नाही तरी सुमारे ७,००० रुपये गेलेच. घडणावळ आणि कर कोणालाही परत मिळत नाहीत. तेवढ्यावरून आठ-आठ दिवस बैठका घालण्यात काही अर्थ नाही.

आता दुसरी बाजू बघा. साखरपुड्यानंतर वर्षभराने सोयरीक मोडली आणि तोवर भाव १२,००० रुपये झाला, तर घट जाऊनही त्याच अंगठीचे ४७,०४० रुपये येतात, म्हणजे बिलापेक्षा जास्त. इथेच खरी फसगत होते. अंगठी ठेवून घेणारी बाजू जुनं बिल पुढे करते आणि तेवढे रुपये देऊन मोकळी होऊ पाहते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की सोन्याचा तंटा रुपयांत सोडवू नका, वजनात सोडवा. अंगठी आहे तशी परत द्या. ती नसेल तर तेवढ्याच कॅरटचं तेवढंच वजन द्या.

हिऱ्याच्या अंगठीचा हिशेब वेगळा. ती बहुधा १८ किंवा १४ कॅरटची असते आणि हिरा परत विकायला गेलं की बिलातल्या किमतीच्या जवळपासही भाव मिळत नाही. प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा असेल तर आणखी कमी. अशा वेळी वस्तूच परत करावी, आणि हिऱ्याचं प्रमाणपत्रही सोबत द्यावं. प्रमाणपत्र नसेल तर तिची बाजारातली किंमत उतरते.

वजनाची खात्री घरच्या काट्यावर होत नाही. हॉलमार्कच्या दागिन्यावर शुद्धतेचा आकडा असतो. २२ कॅरटला ९१६, १८ कॅरटला ७५०. सोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद दिसते आणि त्याला पैसे पडत नाहीत. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला मात्र हॉलमार्कची सक्ती नाही. नाजूक अंगठ्या नेमक्या याच वजनाच्या असतात, त्यामुळे त्यांचं बिल जास्तच जपून ठेवा.

लग्न लागलंच नाही तर

साखरपुड्याच्या अंगठीसाठी भारतात वेगळा कायदा नाही. जुन्या धर्मशास्त्रात मात्र हा विचार आहे, आणि तो आपल्या भागाशी जोडलेला आहे, कारण महाराष्ट्रात याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीका चालत आली. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितलं आहे की मुलगी देऊ केली आणि कारण नसताना मागे घेतली, तर दंड भरावा आणि वराचा झालेला खर्च व्याजासह द्यावा. लग्नाआधी मुलगी वारली, तर दोन्हीकडचा खर्च वजा करून वराने आपण दिलेलं परत घ्यावं. म्हणजे दिलेलं सोनं लग्नाच्या भरवशावर दिलेलं असतं, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच्या पंडितांनाही मान्य होतं.

आजच्या न्यायालयात हा प्रश्न साध्या नागरी कायद्याने सुटतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे हातात दिलेली आणि स्वीकारलेली भेट पूर्ण होते. ती परत मागायची तर अट आधी ठरलेली असावी लागते, आणि ती अट देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असून चालत नाही. माझ्या मते याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्याने अंगठी दिली त्यानेच विनाकारण लग्न मोडलं, तर परत मागताना त्याची बाजू लंगडी पडते. समोरच्याने मोडलं असेल तर देणाऱ्याची बाजू भक्कम. शिवाय १८७२ च्या करार कायद्याखाली लग्नाचं वचन मोडल्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते. त्यात हॉलची बुडालेली आगाऊ रक्कम, छापलेल्या पत्रिका, केटररला दिलेला विसार असे पावत्यांनी दाखवता येणारे खर्च येतात. पावती नसलेल्या खर्चाला फार आशा ठेवू नका.

परदेशातही याची उत्तरं एकसारखी नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ७० हजार डॉलरच्या अंगठीच्या खटल्यात ठरवलं की लग्न झालं नाही तर अंगठी देणाऱ्याकडे परत जाईल, आणि चूक कोणाची हे न्यायालय पाहणार नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या कायद्याने याच्या उलट गृहीत धरलं आहे. तिथे अंगठी ही पूर्ण भेट समजली जाते, आणि ती अटीवर दिली होती हे देणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल आणि साखरपुडा तिकडेच झाला असेल, तर तिथला कायदा आधी विचारून घ्या. इकडची रीत तिकडे चालेलच असं नाही.

आपल्याकडे बहुतेक सोयरिकी मोडतात त्या वकिलाकडे न जाता, दोन्हीकडच्या मामा-काकांच्या बैठकीत. मला हा मार्ग सर्वांत चांगला वाटतो. फक्त त्यात एक कसर राहते, ती म्हणजे लिहून घेत नाहीत. तोंडी मिटतं आणि सहा महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, सोन्याची चेनही दिली होती. म्हणून समजुतीचा लेख कराच. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्पपेपर अशा कामाला चालत नाही, ५०० रुपयांचा घ्यावा लागतो. नोटरी सक्तीची नाही, पण करून घेतलेली बरी. तिचे पैसे आधी विचारा. लेखात साखरपुड्याची तारीख, प्रत्येक दागिन्याचं वजन, कॅरट आणि एचयूआयडी क्रमांक, तो कोणी कोणाला परत केला, हॉलचा खर्च कोणी किती सोसला, आणि यापुढे एकमेकांकडे काही येणं नाही, एवढं असावं. मुलगा-मुलगी दोघांच्याही सह्या हव्यात. नुसत्या वडिलांच्या सह्यांवर भागवू नका, कारण अंगठी बोटात वडिलांनी घातली नव्हती. दोन साक्षीदार आणि दागिन्यांचा तराजूवर ठेवलेला फोटो. एवढं केलं की हजार रुपयांच्या आसपास सगळं मिटतं.

साड्या, ओटीचं सामान, मिठाई, फळांच्या परड्या यांचा हिशेब मागू नका. तो मागणाऱ्याचीच शोभा जाते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवा. लग्न हुंड्याच्या मागणीवरून मोडलं असेल, तर तो अंगठीचा तंटा राहत नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात नुसती मागणी हाही गुन्हा आहे, लग्न लागलेलं असो वा नसो. तिथे बैठक नको, पोलीस ठाणं.

लग्न लागलं असेल तर

लग्नात, लग्नाआधी किंवा नंतर बाईला प्रेमाने दिलेलं सोनं म्हणजे स्त्रीधन. नवऱ्याने दिलेलं असो, सासूने की माहेरच्यांनी, त्यावर तिचा एकटीचा हक्क. १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितलं. स्त्रीधन सासरच्या कपाटात ठेवलं म्हणून ते दोघांचं होत नाही. सांभाळायला दिलेलं सोनं परत न देणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो. आधी तो दंडविधानाच्या ४०६ कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१६ मध्ये आहे.

साखरपुडा तर लग्नाच्या आधी झालेला, मग त्याची अंगठी लग्नाच्या हिशेबात येते का, असा पेच काही वकील घालतात. हिंदू विवाह कायद्याच्या २७ व्या कलमावर कदम दांपत्याच्या खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं उत्तर दिलेलं आहे. लग्नाच्या आधी किंवा नंतर दिलेली वस्तूही, तिचा लग्नाशी संबंध असेल तर, या कलमात येते. हे कलम दोघांच्या सामाईक वस्तूंसाठी आहे, आणि त्याची मागणी घटस्फोटाच्या अर्जातच करता येते. म्हणून घटस्फोटाचा अर्ज एकीकडे आणि सोन्याचा दावा नंतर कधीतरी, असं करू नका. वकिलाला सांगून पहिल्याच अर्जात दागिन्यांची यादी जोडा, सामाईक काय आणि स्त्रीधन काय हे वेगळं लिहून.

नवऱ्याच्या बोटातली अंगठी, जी मुलीकडच्यांनी घातली, ती साधारणपणे त्याची. ती परत मागण्यात वेळ घालवू नये, पण वाटाघाटीत तिचं वजन धरायला हरकत नाही. मंगळसूत्र बायकोचं. सासरच्या पिढीजात दागिन्याबद्दल, म्हणजे सासूने लग्नात फक्त घालायला दिलेल्या पाटल्या-बांगड्यांबद्दल, खरा वाद होतो, कारण तो दिला की वापरायला दिला हे सांगणारा कागद कोणाकडेच नसतो. तिथे लग्नातले फोटो, त्या वेळची बोलणी ऐकलेली माणसं, सराफाच्या वह्या यांच्यावर निकाल फिरतो.

मुस्लिम घटस्फोटित स्त्रीला १९८६ च्या कायद्याने लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर मिळालेल्या सगळ्या वस्तूंवर हक्क दिलेला आहे, आणि मेहेर त्याहून वेगळा.

उशीर झाला म्हणून हक्क सोडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्यांनी दोन निकाल लक्षात ठेवावेत. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायदेशीर विभक्त झालेल्या पत्नीलाही स्त्रीधन मागता येतं, आणि ते अडवून ठेवणं हा चालू राहणारा अन्याय आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका बाईला याच न्यायालयाने २५ लाख रुपये मिळवून दिले. तिचं लग्न २००३ मधलं. ८९ पवन सोनं सांभाळायला म्हणून सासरी घेतलेलं होतं. उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून तिला परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशा प्रकरणात फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, जास्त संभव कशाचा आहे ते पाहायचं. न्याय मिळाला खरा, पण आकडे नीट बघा. ८९ पवन म्हणजे ७१२ ग्रॅम. २०२४ च्या भावाने एवढ्या सोन्याची किंमत २५ लाखांच्या बरीच वर जाते. इतकी वर्षं चाललेल्या प्रकरणात रुपये मिळाले, वजन मिळालं नाही.

कुठे किती खर्च

पहिली पायरी वकिलाची नोटीस. वकिलाची फी सरकारने ठरवलेली नाही. पनवेलला दोन वकिलांना विचारा, आणि नोटिशीचे किती, तारखेचे किती, निकालापर्यंतचे किती, हे कागदावर घ्या. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने जाऊ द्या. बरीच प्रकरणं इथेच निवळतात, कारण समोरच्याला कळतं की यादी तयार आहे.

बाईसाठी पुढचा मार्ग बिनखर्चाचा आहे आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पनवेलच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन. महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, हिंसाचार, घटस्फोट आणि वैवाहिक मालमत्तेच्या वादांत स्त्रियांची कोर्ट फी माफ केली आहे. एखादा कारकून किंवा दलाल फी मागू लागला तर या अधिसूचनेचं नाव घ्या.

त्रासाबरोबर सोनंही अडकलं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. संरक्षण अधिकारी तो भरून देतो आणि त्याला फी नाही. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात. पण स्त्रीधन विकू नये, लॉकर उघडू नये असा अंतरिम आदेश लवकर मिळू शकतो आणि खरी गरज तीच असते. हा कायदा एकत्र राहिलेल्यांसाठी आहे. नुसता साखरपुडा झालेल्या मुलीला तो लागू होत नाही.

मुलाकडच्यांचं सोनं अडकलं असेल तर दिवाणी दावा, आणि त्याची कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर चढत जाते. वस्तू परत मागण्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. एका अंगठीसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. त्याऐवजी लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या. त्याला फी नाही, आणि तिथली तडजोड न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बांधील असते, तिच्यावर अपील नाही. पोलिसांत जाऊन मोडलेल्या साखरपुड्याची अंगठी परत आणता येईल, अशी समजूत काही घरांत असते. तो दिवाणी वाद आहे, पोलीस तेच सांगून परत पाठवतील.

अंगठी हप्त्यावर घेतली असेल तर हप्ते ज्याच्या नावावर आहेत त्यालाच भरावे लागतात, अंगठी कोणाकडेही असो. ती तारण ठेवून कर्ज काढलं असेल, तर आधी ते कोणी फेडायचं हे लेखात लिहा.

साखरपुडा अजून व्हायचा असेल तर

आपल्याकडे लग्न ठरताना याद करतात, कोणी काय द्यायचं ते लिहितात. त्याच बैठकीत आणखी एक पान जोडा. हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने आणि वराला मिळालेल्यांची वराने ठेवायची असते. त्यात वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, आणि दोघांच्या सह्या असतात. हे नियम चाळीस वर्षांचे झाले तरी ही यादी करणारं घर क्वचितच दिसतं. संशय दाखवल्यासारखं वाटतं म्हणून लोक टाळतात. माझ्या मते ही यादी म्हणजे मुलीच्या हातात दिलेली खरी पावती आहे. सराफाचं मूळ बिल मुलीच्या नावाने करा आणि एक प्रत माहेरी ठेवा. सासूने पिढीजात दागिना घातला तर तो दिला की वापरायला दिला, हे त्याच यादीत लिहा. त्यात कोणाचाच अपमान नाही.

शेवटी एक विनंती, खास करून मुलींच्या आई-वडिलांना. परस्पर संमतीच्या घटस्फोटात सहा महिन्यांची वाट असते, आणि २०१७ पासून न्यायालय योग्य प्रकरणात ती माफही करू शकतं. या घाईत समोरून अट येते की सोनं सोड, सही लगेच देतो. दमलेली मुलगी हो म्हणते आणि दमलेले आई-बापही. कागदावर प्रत्येक दागिना वजनासह लिहिलेला आणि तो मिळाल्याची नोंद झाल्याशिवाय संमतीच्या अटींवर सही करू नका. सही करण्याआधी तो कागद विधी सेवा समितीच्या वकिलाला दाखवा. त्याला एक रुपयाही लागत नाही.